चौथीतले डावे हात

मी शिक्षक झालो तो एका लबाडीवर. हे वाक्य मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, ज्यांच्याबरोबर दोन वर्षं एका खोलीत काढली त्या मित्रांपाशी नाही, देवापुढे हात जोडले तेव्हाही नाही. तिथं मी कायम दुसरंच काहीतरी मागत आलो. लबाडी तशी लहान होती. वसतिगृहात आम्ही तिला लबाडी म्हणतही नव्हतो. पण तिच्यापायी एका मुलीचं शिक्षक होणं राहिलं ते राहिलंच, आणि ती मुलगी आमच्या तुकडीतली सगळ्यात चांगली शिक्षक होती.

मार्च सरत आला की सोलापुरात शाळा सकाळच्या होतात. कडुलिंब मोहरतो. त्याचा तो कडवट-गोड वास पहाटे बरा वाटतो, आणि नऊ वाजता पत्रे तापले की डोक्यात चढतो. लोकांना या दिवसांत कलिंगडं आठवतात, सुट्टी आठवते, मामाचं गाव आठवतं. मला पाठ आठवतात. डी.एड.च्या मुलामुलींच्या वार्षिक पाठांचा हा मोसम. नवी कोरी साडी नेसलेली, हातात गुंडाळलेले तक्ते धरलेली मुलगी शाळेच्या पायरीवर ओठ हलवत उभी दिसली की ओळखावं, आज हिचा पाठ आहे.

आता मी दुसऱ्या बाजूला बसतो. महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापक झालो, आणि दरसाल दोन-चार पाठांना परीक्षक म्हणून बोलावणं येतं. शेवटच्या बाकावर बसतो, चहा येतो, बशीत दोन बिस्किटं येतात. पुढं ती मुलगी विचारते, “कोण सांगेल?” वर्गभर हात वर जातात. इतर परीक्षक हात किती वर झाले ते बघतात. मी कोणता हात वर झाला ते बघतो. एखादं पोर सहज डावा हात वर करतं, डावखुरंच असतं बिचारं, आणि मी हातातली बशी खाली ठेवतो.

शिक्षक कसं व्हायचं, असं त्या काळी कुणी विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं. जुनी अकरावी पास व्हायचं, अर्ज टाकायचा, धुतलेला लेंगा-सदरा घालून मुलाखतीला जायचं आणि नंबर लागला की दोन वर्षं अध्यापक विद्यालयात काढायची. बालमानसशास्त्र पाठ करायचं. मातीची फळं करायची. फळ्यावर अक्षर सरळ रेषेत यावं म्हणून पहाटे उठून खडू झिजवायचा. पण खरं शिक्षक होणं अडायचं ते पाठांपाशी. प्रत्येक पाठाचं टाचण काढायचं, ते मंजूर करून घ्यायचं. आधी प्रस्तावना, मग हेतुकथन, मग विषय-प्रतिपादन. टाचणाच्या उजव्या रकान्यात आम्ही ठोकून लिहायचो, ‘विद्यार्थी उत्तर देतील.’ ते देतील की नाही हे विद्यार्थ्यांना कुणी विचारलेलं नसायचं. सरावाचे पाठ वर्षभर चालत. शेवटी बाहेरच्या परीक्षकांसमोर वार्षिक पाठ. त्यात नापास, तर बाकी सगळं येत असूनही तुम्ही शिक्षक नाही. घरी जा, पुढच्या वर्षी या.

आमचं ते वर्ष बहात्तरच्या दुष्काळाच्या पोटातलं. बहात्तर सरून त्र्याहत्तरचा उन्हाळा लागला होता, पण दुष्काळ काही कॅलेंडर बघून उठून जात नाही. मेसमध्ये रेशनवर मिळणाऱ्या मिलोची, त्या अमेरिकन ज्वारीची भाकरी असायची, लालसर, चिरट. हातात घेतली की तिचे तुकडे आपोआप होत. गाव माझं करमाळ्याकडचं. आई-वडील दोघंही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होते. संक्रांतीला गेलो होतो तेव्हा आईच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. मी विहिरीकडं निघालो तर म्हणाली, “नको जाऊस. पाणी न्हाय तितं, पारवं ऱ्हात्यात आता. तू तेवढा मास्तर हो, बाबा. आमी हितं कसंबी काढतो.” तरीही मी विहिरीवर गेलो. वाकून बघितलं. खोल, कोरड्या अंधारातून पंखांचा आवाज एकदम वर आला आणि मी मागं सरकलो. त्या वर्षी सगळीकडंच असं वाटायचं, की आपण कशावर तरी वाकलोय आणि खालून काहीतरी वर येणार आहे.

आमच्या वसतिगृहात एक रीत चालत आलेली होती. आधीच्या तुकडीची मुलं जाताना पुढच्या तुकडीला स्टोव्ह देत, बादल्या देत आणि ही रीत देत. वार्षिक पाठाच्या आदल्या दिवशी वर्गावर ओळखीचा तास मिळतो. त्या तासाला मुलांना सांगायचं: उद्या मी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा. ज्याला येत नाही त्यानं डावा. डाव्या हाताला मी विचारणार नाही, अगदी शपथेवर. मग दुसऱ्या दिवशी परीक्षकांना दिसतो तो हातांनी भरून गेलेला वर्ग, आणि ज्याला विचारावं तो बरोबर उत्तर देतो. पाठ पास. दुसऱ्या दिवसापासून वर्ग त्याच्या नेहमीच्या गुरुजींचा, आणि हा हातांचा नेम विसरून जातो. ही मुलांच्या वसतिगृहातली विद्या. मुलींपर्यंत ती जात नसे. जावी असं कुणाला वाटतही नसे.

विमल बनसोडे आमच्या तुकडीत होती. होटगीची. वडील रेल्वेत गँगमन. तिची साधनांची एक पत्र्याची पेटी असे आणि तिच्या झाकणाला आतून बुद्धाची छोटी तसबीर चिकटवलेली. आम्ही सगळे एकमेकांना थट्टेनं ‘गुर्जी’ आणि ‘बाई’ म्हणायचो, आधीच सवय व्हावी म्हणून. पण तिला ‘बनसोडेबाई’ म्हणताना थट्टा आपोआप गळून पडायची. ती वर्गावर उभी राहिली की बोलणं शुद्ध, स्वच्छ. बाहेर आली की होटगीचं. तिची शिकवायची रीत आमच्या उलट. आम्ही हुशार दिसेल त्याला उठवायचो. ती जे पोर तोंड लपवतंय त्याला आधी विचारायची, आणि हळूहळू, आडवळणानं, त्याच्याच तोंडून उत्तर काढायची. आमच्या एका सरांनी एकदा भर वर्गात म्हटलं, “पाठ बघायचा असेल तर बनसोडेचा बघा. तुम्ही लोक पाठ म्हणून दाखवता, ती शिकवते.” माझ्या शेजारच्यानं हळूच म्हटलं, “शिंदे गुर्जी, ऐका, तुम्हालाच चाललंय.” सगळे हसले. मीही हसलो. ते वाक्य मात्र माझ्या आत जाऊन बसलं.

चिठ्ठ्या टाकून वर्ग वाटले, तेव्हा मला आणि तिला एकच वर्ग आला. पूर्व भागातल्या एका शाळेतली चौथी. विणकरांची वस्ती, घरोघरी माग, पोरं घरात तेलुगू बोलणारी. शाळेच्या भिंतीला लागूनच कुणाचा तरी विजेवरचा माग होता. त्याची खटक-फटक दिवसभर वर्गात ऐकू यायची, इतकी की ती थांबली की दचकायला व्हायचं. वर्गाचे गुरुजी चिप्पा म्हणून होते, निवृत्तीला आलेले, भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर. “घ्या माझी पोरं,” ते आम्हाला म्हणाले होते. “मराठी जरा उशिरा चढतं त्यांना. पण चढलं की उतरत नाही.”

ओळखीचा तास आमच्या दोघांचा वेगवेगळा होता. माझ्या तासाला मी दार लोटून घेतलं आणि नेम सांगितला. पोरांना तो खेळच वाटला. दोन-तीनदा घोकून घेतला. “डावा?” “येत नाही!” “विचारणार?” “नाही!” श्रीनिवास नावाचा एक चुणचुणीत पोरगा होता, तो मागच्यांना तेलुगूत समजावून सांगत होता, ‘एडम चेय्यी’, म्हणजे डावा हात. मागच्या बाकावर लक्ष्मी म्हणून एक मुलगी होती, केसांना तेल चोपडलेलं, कधीही न बोलणारी. ती आपला डावा हात उलटसुलट करून बघत होती आणि पहिल्यांदाच हसत होती. आता तिला कुणी विचारणार नव्हतं. तिला एवढं मोठं अभय तोवर कुणी दिलं नसावं.

दुसऱ्या दिवशी पहिला पाठ माझा, सुट्टीनंतरचा तिचा. परीक्षक दोन. माझ्या पाठाला बसले ते थकलेले गृहस्थ होते, रात्रीच्या गाडीनं आलेले. विषय ‘आपल्या जिल्ह्यातली पिके’. शिवारात तेव्हा एक हिरवं पान नव्हतं, आणि मी रंगीत खडूनं ज्वारीची कणसं काढत होतो. हात वर जात होते, उजवे आणि डावे. मी उजवे वेचत होतो. श्रीनिवास तर उत्तर देऊन बसताना माझ्याकडं बघून गालात हसला. परीक्षक एकदोनदा पेंगले. उठताना म्हणाले, “वर्ग जिवंत ठेवलात.”

सुट्टी झाली. व्हरांड्यात ती साधनं मांडत होती. तिचा विषय ‘पाऊस कसा पडतो’. वातीचा स्टोव्ह, किटली, वर धरायला पितळी झाकण. झाकण गार ठेवायला ओलं फडकं. एवढं फडकं भिजवायला पाणी कुठून आणायचं म्हणून ती घरून बाटली भरून घेऊन आली होती.

“कसा झाला, शिंदे गुर्जी?”

“झाला बरा.”

“पोरं बोलली का? मला त्याचंच भ्याव वाटतंय की. परवा सरावाला लई गप हुती.”

“बोलतात. हात वर करतात.”

“सगळी?”

“सगळी.”

“मग झालं तर,” ती म्हणाली आणि फडकं पिळून झाकणावर पसरलं. पिळलेलं पाणी तिनं पुन्हा बाटलीत ओतलं.

घंटा व्हायला अवकाश होता. एक वाक्य पुरलं असतं. डाव्या हाताला विचारू नका, एवढं. मी टाकीपाशी गेलो, नळ फिरवला. पाणी नव्हतं, मला ते ठाऊकही होतं. तरी मी नळापाशी उभा राहिलो, घंटा होईपर्यंत.

तिच्या पाठाला दुसरे परीक्षक बसले, सोलापुरातच जन्म गेलेले, पातळ ओठांचे. ज्याचा पाठ आधी होईल त्यानं पुढच्या पाठाला निरीक्षणाला बसायचं, या नियमाप्रमाणे मी त्यांच्या मागच्या बाकावर. तिनं स्टोव्ह पेटवून किटली ठेवली. पोरं बघत होती. वाफ आली, झाकणाखाली थेंब धरले, एक थेंब टपकन खाली पडला तेव्हा सगळ्या वर्गानं श्वास घेतला. दीड वर्षात त्या पोरांनी पाहिलेला तो पहिला पाऊस असेल. मग तिनं विचारलं, “हे थेंब कुठून आले? कोण सांगेल?”

हात वर गेले. पत्र्यापर्यंत हात. तिचा चेहरा उजळला. तो उजेड मी पाहिला. आणि मग तिनं तेच केलं जे ती नेहमी करायची. पुढचे नाचणारे उजवे हात सोडून तिनं मागच्या बाकाकडं बघितलं, जिथं एक न बोलणारी मुलगी आज पहिल्यांदा हात वर करून बसली होती.

“तू सांग, बाळ.”

लक्ष्मी उठली नाही. हात मात्र वरच.

“ये, ऊठ. चुकलं तरी चालेल.”

लक्ष्मी बघत राहिली. बाईंना नेम ठाऊक नाही हे तिच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. तिला एवढंच कळलं की दिलेला शब्द मोडला. तिनं हात आणखी उंच केला, अंगठ्यापासून कोपरापर्यंत ताठ, नीट दिसावा म्हणून. विमलनं दुसऱ्याकडं बघितलं. तोही मागचा. तोही डावा. तोही गप. मग तिसरा. आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली. भिंतीपलीकडचा माग थांबला. आजूबाजूचे सगळे माग एकामागून एक थांबत गेले आणि वर्गात कधी नव्हती अशी शांतता पसरली. त्या शांततेत लक्ष्मी रडत ओरडली, “बाई, एडम! एडम चेय्यी!”

विमलला तेलुगू येत नव्हतं. परीक्षकांना येत होतं. त्यांनी मान उचलून वर्गभरचे हात एकदा सावकाश पाहिले. चष्मा काढला, पुसला, घातला. कागदावर काहीतरी लिहिलं, टोपण लावलं आणि पाठ संपायच्या आधीच उठले. दारात थांबून म्हणाले, “बाई, हे प्रकार आम्हालाही ठाऊक आहेत. आम्हीही कधीतरी पाठ दिलेत.”

ती खडू धरून तशीच उभी होती. “कंचे प्रकार, सर?” ती म्हणाली. वर्गात उभं राहून होटगीचं बोलताना मी तिला तेव्हाच ऐकलं. किटलीतलं पाणी आटून तळ करपल्याचा वास येऊ लागला होता. माझ्या मांडीवरच्या वहीत निरीक्षणाचे रकाने कोरे होते.

दुपारी प्राचार्यांनी बोलावलं. ती आधीच उभी होती.

“वर्ग पढवला होता,” प्राचार्य म्हणाले. “डावा हात, उजवा हात. परीक्षकांनी स्पष्ट लिहिलंय.”

“मी न्हाई, सर. मला हे ठावंच नव्हतं.”

“मग पोरं आपोआप शिकली?”

प्राचार्य माझ्याकडं वळले. “शिंदे, तुमचा पाठ आधी होता. तुम्हाला काही कल्पना?”

खिडकीला वाळ्याचा पडदा होता, पाणी नसल्यानं कोरडा. वारा आला की नुसता खरखरायचा. मी त्या खरखरीकडं कान लावून म्हणालो, “नाही सर.”

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. त्यांना कळलं होतं; याबद्दल माझ्या मनात आज शंका नाही. मग त्यांनी समोरचा कागद उलटा घातला. “ठीक आहे. एकच नाव लागलंय, तेवढंच राहू दे. बाई, तुम्ही पुढच्या वर्षी बसा. एका वर्षानं काय होतं?”

एका वर्षानं काय होतं ते त्या खोलीत फक्त तिला ठाऊक होतं. स्टायपेंड संपणार होता. धाकटी भावंडं होती. शिक्षिका झाली तर लग्न थांबवू, असं वडिलांनी कबूल केलेलं. तेही ‘झाली तर’. हे ती मागं कधीतरी बोलली होती, आम्ही सगळे कागदी फुलं कातरत बसलो होतो तेव्हा, हसत हसत.

संध्याकाळी मेसमध्ये चर्चा झाली. कुणीतरी म्हणालं, “बनसोडे आणि वर्ग पढवणार? पटत नाही बुवा.” दुसरा म्हणाला, “जाऊ दे की. त्यांना काय, सवलत हाय. फुडच्या वर्षी हुईल पास.” तिसऱ्यानं माझ्याकडं बघितलं आणि नजर लगेच काढून घेतली. वसतिगृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की तो नेम त्या वर्गात कुणी नेला असेल. कुणी बोललं नाही, कारण प्रत्येकानं आपापल्या वर्गात तो नेलाच होता. मिलोच्या भाकरीचे तुकडे गोळा करून मी गिळत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्ते आणायला म्हणून मी त्या शाळेत गेलो. खरं म्हणजे पोरांची तोंडं बंद करायला गेलो. तशी गरज पडली नाही. चौथीतल्या पोरांची साक्ष कोण काढणार? श्रीनिवास मैदानात भेटला. त्यानं मला बाजूला घेतलं आणि मोठ्या माणसासारखा आवाज खाली आणून विचारलं, “सर, त्या बाईंना नेम सांगितलाच नाही का तुम्ही?”

“विसरलो रे,” मी म्हणालो.

ते ‘विसरलो’ मी पुढं इतकी वर्षं वापरलं की माझ्यापुरतं ते खरंच होऊन बसलं. रात्री जाग आली की मी मला सांगायचो, गडबड होती, पाठाचा ताण होता, विसरलास. आज लिहायला बसलो म्हणून लिहितो. मी विसरलो नव्हतो. नळापाशी उभा होतो तेव्हा ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. सांगितलं तर ती मला रागावेल, वर्गात जाऊन पोरांना सांगेल की असलं काही करायचं नाही, आणि ते कुणाच्या तरी कानावर जाईल, ही भीती होती. पण भीती हे निम्मंच कारण. उरलेलं असं, की मला ती एकदा अडखळलेली बघायची होती. ‘पाठ बघायचा तर बनसोडेचा बघा’ म्हणणाऱ्यांनी एकदा तसाही पाठ बघावा, असं वाटलं होतं. ती नापास व्हावी असं वाटलं नव्हतं. पण अडखळलेलं माणूस कुठवर घरंगळत जाईल हे ढकलणाऱ्याच्या हातात थोडंच असतं. आणि मी तर ढकललंही नव्हतं. नुसता नळापाशी उभा होतो.

ज्येष्ठात तिचं लग्न झालं. मला दिवाळीच्या आत नोकरी लागली. पहिला पगार आईच्या हातात ठेवला, तिनं तो कपाळाला लावला. त्या वर्षी पाऊस झाला, विहिरीत पाणी आलं, पारवे उडून गेले. लोक म्हणाले, वाईट दिवस गेले. मला तसं कधी वाटलं नाही. उलट पाण्यानं भरलेल्या विहिरीत वाकून बघायची हिंमत मला पुढं कितीतरी वर्षं झाली नाही.

एवढ्या वर्षांत मी कितीतरी पोरं शिकवली. वाईट शिकवलं असं नाही. मागच्या बाकापासून विचारायला लागलो. लोक म्हणतात, शिंदे सरांची ती खास पद्धत आहे. पद्धत कुणाची ते मी कधी सांगितलं नाही. तेही चोरलंच, असं म्हणायला हवं.

आणि परवा ती आली. सकाळची शाळा सुटत आली होती. शिपाई म्हणाला, कुणी बाई भेटायला आल्यात, पोरगी आहे बरोबर. केस पांढरे झालेले, बोटांना सुईची टोचणं. मी ओळखलं ते आवाजावरून.

“शिंदे गुर्जीच न्हवं? वळखलं का? मी विमल. बनसोडे.”

मी खुर्चीतून उठलो. ती हसून म्हणाली, “बसा की, सायेब झालाय आता. आमी आलो तुमच्याकडं कामाला.” सध्या ती अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवते. तिचे मालक गिरणीत होते, आता घरीच असतात. पोरीचे बारावीचे पेपर परवाच संपलेत. “हिला डी.एड.ला घालायची म्हणते. काय काय लागतं ते इचारायला आले. कुणी नीट सांगंना झालंय.”

मी सांगितलं. गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, अर्ज कधी निघतील, यादी कशी लागते. पोरगी लिहून घेत होती, आईसारखंच सरळ रेषेतलं अक्षर. मी सांगत होतो आणि माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

“आणि पाठ?” विमलनं विचारलं. “अजून तसंच असत्यात का पाठ?”

“असतात.”

ती पोरीला म्हणाली, “जा गं, भायेर थांब जरा.” पोरगी गेल्यावर म्हणाली, “मी लई दिस इचार केला, गुर्जी. पोरास्नी कुणी पढवलं असंल. तुमचा पाठ तर चांगला झालता, तुमाला काय गरज. मग माझ्या ध्येनात आलं. ते वर्गाचे मास्तर, चिप्पा. वर्गाचं नाव जाऊ नये म्हणून त्यांनीच केलं असणार. भल्यासाठीच केलं असंल, पर माझं वाटुळं झालं की. आमी ऱ्हातो तिथनं दोन गल्ल्या सोडून घर हुतं त्यांचं. रस्त्यात दिसायचे. मफलर गुंडाळून. मला बघून हात जोडायचे, आन मी तोंड फिरवायचे. गेल्या साली वारले. समदी वस्ती गेली मयताला. मी न्हाई गेले.” तिनं पदरानं ओठ पुसले. “गेलेल्या माणसावर राग धरू ने म्हंत्यात. पर जात न्हाई बघा.”

माझ्या समोर टेबलावर पाण्याचा ग्लास होता. तो मी तिच्याकडं सरकवला. ती प्यायली.

“तुमी तवा मागं बसला हुता,” ती म्हणाली. “तुमाला काय वाटतं? त्यांनीच केलं असंल न्हवं?”

त्या वेळी मी काय बोललो ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मी म्हणालो, “असेल. कुणास ठाऊक.”

ती गेली. पोरगी दारातून वळून वाकून नमस्कार करून गेली. कडुलिंबाखालून दोघी फाटकापर्यंत जाताना दिसल्या आणि मी तसाच बसून राहिलो, शिपायानं खिडक्या लावून घेईपर्यंत. ज्या म्हाताऱ्यानं आपली पोरं विश्वासानं आमच्या हाती दिली, तो रस्त्यात हात जोडत राहिला आणि आपलं काय चुकलं हे न कळता गेला. आधी एकाच माणसाचं देणं माझ्या अंगावर होतं. त्या दुपारपासून दोघांचं आहे.

हे छापून आलं तरी तिच्या हाती पडेल असं नाही. तिला वाचायला सवड नसते. आणि पडलं तरी कागदावर सांगणं म्हणजे तिला सांगणं नव्हे. परीक्षकांनीही कागदावरच लिहिलं होतं. मला तिच्या घरी जायला हवं. तिच्या समोर, तिच्या मालकांच्या आणि पोरीच्या समोर मला सांगायला हवं की चिप्पा गुरुजींनी काही केलं नव्हतं, नेम माझा होता, आणि मी विसरलो नव्हतो. तेवढं मी तिचं देणं लागतो. लेख लिहून झाला आहे. मी अजून गेलेलो नाही.